उपदेशातलं उदाहरण

पाळकाचा आठवडा रविवारी दुपारीच सुरू होतो. मटण जेवून जरा आडवं व्हावं, तर पुढच्या रविवारचा उतारा डोक्यात येऊन बसतो. आमच्याकडे वर्षभराच्या वचनांचं एक छापील कोष्टक येतं. कोणत्या रविवारी शुभवर्तमानातलं काय वाचायचं ते त्यात ठरलेलं असतं, आणि दर तीन वर्षांनी चक्र फिरून तेच उतारे पुन्हा येतात. म्हणजे पाळकाने पहिली तीन वर्षं जरा कष्ट केले की पुढे निवृत्तीपर्यंत जुन्या वह्यांवर दिवस काढता येतात. पुष्कळ जण काढतात. मीही काढलेत, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू?

कोल्हापुरातल्या या मंडळीपुढे मी बावीस वर्षं उपदेश करतोय. आमची मंडळी भली आहे. म्हणजे मी सव्वाअकराच्या आत आटोपलं तर भली असते. त्यानंतर पुरुषांच्या माना हळूहळू घड्याळाकडे वळतात, कारण रविवारी मटणाच्या दुकानापुढची रांग कोणाच्या आत्मिक उन्नतीसाठी थांबत नाही. पुढच्या बाकावर आमचे एक पंच बसतात, निवृत्त हेडमास्तर. ते वहीत प्रत्येक उपदेशाचे मुद्दे उतरवून घेतात. मुद्दे तीन हवेत. दोन झाले तर त्यांना पाळकाची तयारी कमी पडली असं वाटतं, चार झाले तर त्यांचं पान पुरत नाही.

आता या सव्वाअकराच्या आतल्या तीन मुद्द्यांत येशूला बसवायचं म्हणजे काय कसरत आहे, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. कारण तो माणूस सोयीचं फारसं बोललेलाच नाही. एका गालावर मारली तर दुसरा पुढे कर म्हणतो. देवाला दान द्यायला आलास आणि भावाचं तुझ्याशी बिनसलंय हे आठवलं, तर दान तिथेच टाक आणि आधी समेट कर म्हणतो. आमच्या मंडळीत सख्ख्या चुलतभावांची दोन घरं कंपाउंडच्या भिंतीवरून कोर्टात गेलीत, आणि दोन्ही घरं दर रविवारी एकाच ओळीत बसून गातात. त्यांच्यासमोर हा उतारा जसाच्या तसा वाचून दाखवायचा म्हणजे पुढच्या वार्षिक सभेत स्वतःची उचलबांगडी करून घेणं आहे.

म्हणून आम्ही पाळक लोक वचनाचे दात काढतो. ही आमची खरी विद्या. 'त्या काळची परिस्थिती वेगळी होती' असं म्हटलं की निम्मे दात पडतात. 'मूळ भाषेत या शब्दाला निराळी छटा आहे' म्हटलं की उरलेले पडतात. मला मूळ भाषेची चार अक्षरं धड वाचता येत नाहीत, पण बावीस वर्षांत एकानेही 'दाखवा बघू' म्हटलेलं नाही. आणि एवढं करूनही एखादा सुळा राहिलाच, तर 'याचा आध्यात्मिक अर्थ घ्यावा' हा रामबाण आहे. आध्यात्मिक अर्थ घेतल्यावर कोणालाच काही करावं लागत नाही. सगळे समाधानाने घरी जातात.

माझी स्वतःची अशी आणखी एक खासियत होती: उदाहरणं. इतर पाळक पुस्तकातली, इंटरनेटवरची, परदेशातल्या कुठल्या तरी खलाशाची नाहीतर डॉक्टरची उदाहरणं देतात. मी मंडळीतली जिवंत माणसं घ्यायचो. कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणाचं लग्न जुळलं, कोणाची सून माहेरून परत आली, की मी भेटीला जायचो आणि येताना मनातल्या मनात दुसरा मुद्दा लिहून यायचो. लोक म्हणत, पाळकसाहेबांचा उपदेश कसा काळजाला भिडतो. काळीज त्यांचंच असायचं, मी फक्त पुलपिटावर चढून ते मोठ्याने वाचायचो.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळीत एक तिशीतला माणूस नव्याने आला होता. आजऱ्याकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा थोरला मुलगा. कोल्हापूरला फाउंड्रीत कामाला लागला, उचगावात खोली घेतली, शेजारच्या कुटुंबाबरोबर आमच्याकडे यायला लागला आणि वर्षभराने स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. गावी कळल्यावर बापाने बोलणं टाकलं. तरी हा दर सणाला जायचा, उंबऱ्याबाहेर बसून आईच्या हातचं खाऊन यायचा.

एका शुक्रवारी सकाळी तो सायकलवरून माझ्या दारात आला. सायकल स्टँडला लावायचंही त्याला सुचलं नाही, तशीच धरून उभा राहिला.

"पाळकसाहेब, बा गेला माझा. भावाचा फोन आलता. थोरला म्या हाय, अग्नी मलाच द्यायला लागतोय. थांबल्यात माझ्यासाठी. जाऊ का नको?"

त्या रविवारचा उतारा कोणता होता, तर येशू एकाला म्हणतो, माझ्या मागे ये. तो माणूस म्हणतो, आधी मला माझ्या बापाला पुरून येऊ दे. त्यावर उत्तर मिळतं, मेलेल्यांना आपले मेलेले पुरू दे. तू जा आणि देवाच्या राज्याची घोषणा कर. माझा उपदेश गुरुवारीच लिहून झाला होता. तेव्हा मी चाळिशीचा होतो, अंगात जोर होता, आणि या एका उताऱ्याचे दात मी मुद्दाम काढले नव्हते. फक्त दुसऱ्या मुद्द्याला उदाहरण मिळत नव्हतं.

मी त्याला म्हणालो, "हे बघ भाऊ, प्रभूने याचं उत्तर देऊन ठेवलंय." आणि तिथेच, गेटात, त्याला ते वचन म्हणून दाखवलं. तो सायकल वळवून गेला. आजऱ्याला नाही, उचगावला.

रविवारी मी त्याला उभा केला. "आज आपल्यामध्ये एक असा भाऊ बसला आहे," इथून सुरुवात केली आणि बापाच्या अग्नीपेक्षा प्रभूला निवडणारा शिष्य म्हणून हात करून त्याला उठायला लावलं. तो उठला. खाली बघत उभा राहिला. सगळी मंडळी एकसुरात आमेन म्हणाली. हेडमास्तरांनी वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या. इतका चांगला उपदेश मी आयुष्यात केला नव्हता असं मला त्या दिवशी वाटलं, आणि तसं वाटलं याची लाज वाटायला मला काही महिने लागले.

लाज वाटली तीही घरातून. आमच्या पाळकीणबाई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या, चुका शोधायची त्यांना सवय आहे. एकदा त्या सहज म्हणाल्या, "अहो, तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही चार दिवस रजा घेतली होती ना?" बस, एवढंच. मला पुरलं.

त्यानंतर दर तीन वर्षांनी तो उतारा आला आणि दर वेळी मी शेपूट घातलं. दोनदा रजेवर गेलो. एकदा मिरजेकडचे एक पाहुणे पाळक बोलावले. एकदा बालदिनाच्या नावाखाली मुलांचा कार्यक्रम ठेवला, बालदिन नसताना. एकदा त्या उताऱ्यातल्या आदल्या वचनावरच, कोल्ह्यांना बिळं असतात त्याच्यावर, तीन मुद्दे काढले. तो माणूस मात्र जागचा हलला नाही. लग्न केलं, उचगावात दोन खोल्यांचं घर बांधलं, मंडळीच्या पंचांत निवडून आला. शास्त्रपाठ वाचायचं काम त्याच्याकडे आलं, कारण त्याचा आवाज खणखणीत आहे. आजऱ्याला तो त्यानंतर कधी गेला नाही. भावांनी दार बंद केलं होतं.

यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तोच उतारा. आणि सोमवारी, पावसात भिजत, तोच माणूस दारात.

"पाळकसाहेब, आई हातरुणाला हाय. जास्त दिस न्हाईत म्हणं. धाकट्याचा फोन आलता. म्हणतोय, येणार असशील तर ये, पर शेवटपतोर ऱ्हायाचं. खांदा द्यायचा, केस द्यायचं, सगळं करायचं. न्हायतर येऊच नगंस." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "ह्या बारीला काय करू?"

त्याची अडचण मला कळत होती. केस दिले की रविवारी ते डोकं सगळ्या मंडळीला दिसणार. आमच्या पंचांत अशा गोष्टीला क्षमा नसते. कोर्टात गेलेल्या भावांना असते. आणि गेला नाही, तर आई तशीच जाणार, बाप गेला तसा. त्याला माझ्याकडून एकच शब्द हवा होता. अठरा वर्षांपूर्वी मी तो एका मिनिटात दिला होता.

मी म्हणालो, "आपण प्रार्थना करू. मी जरा विचार करून सांगतो."

विचार करणं हा आमचा धंदाच आहे. मंगळवारी मी टीकाग्रंथ काढून बसलो. एका विद्वानाने लिहिलं होतं की त्या माणसाचा बाप मुळी मेलेलाच नव्हता. 'बापाला पुरून येतो' म्हणजे 'बाप आहे तोवर घरी राहतो, मग बघू' असं म्हणायची त्या देशात रीत होती. वा! किती छान सुटका. मी ती पहिल्या मुद्द्यात घातली. बुधवारी पंचांच्या बैठकीनंतर हेडमास्तरांना आडून विचारलं की समजा, आपल्यातल्या कोणी आईच्या मयताला गावाकडच्या रीतीने सगळं केलं, तर? ते म्हणाले, "समजा कशाला? नियम आहे." गुरुवारी एका ज्येष्ठ पाळकांना फोन लावला. अडचण निम्मी ऐकून ते म्हणाले, "त्या उताऱ्यावर माझ्याकडे फार सुरेख उपदेश आहे, व्हॉट्सॲपवर टाकतो." आणि टाकला. शुक्रवारी माझे तीनही मुद्दे जुळले. कोणाला दुखवायचं नाही, कोणाला काही करायला सांगायचं नाही, शेवटी एक कडवं.

शनिवारी संध्याकाळी पाळकीणबाई मेथी निवडत होत्या आणि मी त्यांना उपदेश वाचून दाखवत होतो. मूळ भाषेचा उल्लेख आला तशी त्यांनी मान वर केली.

"परत मूळ भाषा? बरं, ते राहू दे. त्याला काय सांगितलंत?"

"अजून सांगितलं नाही."

"सोमवारपासून?" त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "त्याची आई तुमच्या तीन मुद्द्यांसाठी थांबलीय होय?"

मी स्कूटर काढली. उचगावच्या त्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं, स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत गेलो. दार त्यानेच उघडलं. डोकं साफ भादरलेलं होतं. कानामागे वस्तऱ्याने कापल्याची एक रेघ होती.

"या की," तो म्हणाला. "आई बेस्तरवारी गेली."

मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. तो सांगायला लागला, सावकाश. मंगळवारी सकाळी तो एसटीने गेला होता. आईने ओळखलं. बोलता येत नव्हतं, पण हात धरून ठेवला, दोन दिवस सोडला नाही. पावसामुळे सरण पेटत नव्हतं, पत्र्याच्या शेडखाली तासभर सगळे उभे होते. अग्नी धाकट्यानेच दिला. याने खांदा दिला, भावांच्या ओळीत बसून केस दिले. मग धाकट्याने घरात नेऊन जेवायला वाढलं. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच तो उंबऱ्याच्या आत जेवला. आज सकाळी तिसऱ्या दिवसाची रक्षा भरून नदीत सोडली आणि दुपारच्या गाडीने परत आला, उद्या शास्त्रपाठ वाचायचा आहे म्हणून; दहाव्याला पुन्हा जायचं होतं.

"मला फोन तरी करायचास," मी म्हणालो.

"तुमी इचार करत होता की."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यामुळे तर जास्त लागलं. मग मी अठरा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एकदाचं बाहेर काढलं. म्हणालो, तेव्हा मी तुला अडवलं, ते चुकलं. वडिलांचं शेवटचं दर्शन माझ्यामुळे हुकलं. मला माफ कर. माझा आवाज भरून आला होता आणि तो भरून आलाय हे मला ऐकूही येत होतं.

त्याने मान हलवली. "तुमी सांगितलं म्हून न्हाय ऱ्हायलो, पाळकसाहेब. भ्यालो होतो. भाऊ मारतील, गाव थुकंल, असं वाटायचं. तुमचं वचन आयतं घावलं. त्येचा दोष तुमाला न्हाय देत मी." मग म्हणाला, "पर त्या रविवारी मला उभा केलासा. तिसरा दिस होता. तिकडं बाची रक्षा भरत होते आन् हितं समदी आमेन म्हणत होती. मला रडायचं होतं ओ. ते तेवढं इसरलो न्हाय."

अठरा वर्षं मी ज्या पापाचं ओझं वाहत होतो ते माझं नव्हतंच. माझ्या शब्दाने एक माणूस बापाच्या सरणाला पाठ फिरवतो, ही माझी घमेंड होती, अपराधाच्या कपड्यातली. आणि जे खरोखर केलं होतं ते मला कधी आठवलंही नव्हतं.

निघताना मी विचारलं, "उद्याचं वाचन दुसऱ्या कोणाला देऊ? तुला अवघड जाईल."

"मला न्हाय अवघड," तो म्हणाला. "तुमाला वाटतंय व्हय?"

घरी येऊन मी शुक्रवारचा उपदेश फाडला आणि नवा लिहायला बसलो. यात मूळ भाषा नव्हती, त्या काळची परिस्थिती नव्हती, मुद्दे नव्हते. फक्त माझी कबुली होती. तासाभरात लिहून झाली. पाळकीणबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "त्याला विचारलंत?"

"माझीच चूक सांगतोय मी. त्याला काय विचारायचं?"

त्यांनी कागद घडी घालून माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, पटलं.

रविवारी तो उघड्या डोक्याने पुढे आला. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्याने उतारा वाचला, बापाला पुरण्याचं ते वचन अडखळल्याशिवाय वाचलं, पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसला. मग मी चढलो. सगळं सांगितलं. तो शुक्रवार, ती सायकल, गेटात म्हटलेलं वचन. तो तिसरा दिवस. इकडचं आमेन आणि तिकडची रक्षा. "मला रडायचं होतं" हे त्याचं वाक्य मी त्याच्याच शब्दांत सांगितलं आणि सांगताना जरा थांबलो, कारण तिथे थांबल्यावर परिणाम होतो हे बावीस वर्षांत माझ्या अंगात भिनलंय. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. कंपाउंडवाल्या दोन घरांतल्या एकाने दुसऱ्याला रुमाल दिला. साडेअकरा वाजून गेले, एकही मान घड्याळाकडे वळली नाही. हेडमास्तरांची वही मिटलेली होती. त्या डोक्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, पुढेही काढणार नव्हतं. एका उपदेशात मी त्याचं संकट निवारलं होतं, आणि हे मला पुलपिटावर उभ्या उभ्याच कळलं. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय हलके झाले होते.

उपासनेनंतर पाळकाने दारात उभं राहून एकेकाशी हात मिळवायचा, अशी आमची रीत आहे. त्या दिवशी लोक माझा हात सोडत नव्हते. हेडमास्तर म्हणाले, एवढं धैर्य लागतं. कोणी म्हणालं, पाळकसाहेब, तुम्ही किती सोसलंत. त्याच्या आईबद्दल त्याला कोणी विचारलं नाही. तो रांगेत होता, सगळ्यांच्या मध्ये, हळूहळू पुढे सरकत.

माझ्यासमोर आला तेव्हा मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"बा गेला तवाचा रविवार तुमचा झालता," तो हळू आवाजात म्हणाला, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आई गेली, ह्यो बी तुमचाच झाला."

तो पायऱ्या उतरून पावसात गेला. माझा हात तसाच पुढे होता. मागच्या बाईने तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "पाळकसाहेब, काय उपदेश झाला आज!"